पहिल्या हंगामाची ठेच

भातशेतीची एखादी सुधारलेली पद्धत गावात येते, तेव्हा तिची ओळख बहुधा वाढीव उत्पन्नाच्या आकड्यांनी करून दिली जाते. पहिल्या हंगामात कोणत्या अडचणी येतील, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. वास्तविक त्या पद्धतीचे गावातील भवितव्य या पहिल्या हंगामातच ठरत असते. अपेक्षेप्रमाणे पीक दिसले नाही, की शेतकरी पुढील वर्षी जुन्या वाटेने जातो आणि त्याच्याकडे पाहणारे चार शेजारीही मागे फिरतात. पुढच्यास ठेच लागली तर मागच्याने शहाणे व्हावे, अशी म्हण आहे. येथे मागचा शहाणा होत नाही, तो वाटच सोडून देतो.

हा अनुभव नवा नाही. १९५३ साली जपानी पद्धतीच्या भातलागवडीची मोहीम देशात सुरू झाली. गादीवाफ्यावर रोपे, कमी बियाणे, ओळीत लावणी, भरपूर खत आणि कोळपणी असे तिचे स्वरूप होते. पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्यांनी खत स्वीकारले, पण ओळीत लावणी सोडून दिली. ऐन पावसात, मजुरांच्या टंचाईत, दोरी धरून लावणी करणे त्यांना जड गेले. हाताला सवय होईपर्यंत धीर धरावा, असे सांगणारा कोणी जवळ असता तर कदाचित वेगळे घडले असते.

आज चारसूत्री लागवडीच्या बाबतीत तोच प्रश्न उभा राहतो. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणे, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या खोल खोचणे ही तिची चार सूत्रे होत. दोरीवरील खुणांप्रमाणे १५ व २५ सेंटीमीटर असे आलटून पालटून अंतर ठेवावयाचे, प्रत्येक चुडात दोन-तीनच रोपे लावावयाची आणि १५ सेंटीमीटरच्या चौकोनातील चार चुडांच्या मध्ये एक गोळी सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचावयाची, अशी ही रीत आहे.

या रीतीत पहिल्या वर्षी येणाऱ्या अडचणी तीन प्रकारच्या असतात. त्या वेगवेगळ्या ओळखणे, हेच कार्यकर्त्याचे खरे काम आहे.

पहिला प्रकार काळाबरोबर आपोआप नाहीसा होणाऱ्या अडचणींचा. मूठभर रोपे लावण्याची सवय असलेल्या डोळ्यांना दोन-तीन रोपांचे चूड विरळ व उघडे दिसतात. बांधावरून जाणारे थट्टा करतात. फुटवे येऊ लागले की पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत खाचर भरून येते. परंतु तोवरचा काळ शेतकऱ्यास फार कठीण जातो. गोळीचेही असेच आहे. वरून फेकलेल्या युरियाने पात लवकर हिरवी होते. खोल खोचलेल्या गोळीपर्यंत मुळे पोचण्यास वेळ लागतो. या अवधीत घाबरून शेतकरी वरून आणखी युरिया टाकतो. त्याचा बराच भाग पाण्याबरोबर वाहून किंवा हवेत उडून जातो, आणि उरलेल्याने पीक माजून लोळते. मग दोष पद्धतीच्या माथी येतो.

दुसरा प्रकार चुकीच्या कामाचा. दोरी सैल राहिली की अंतर बिघडते. एका चौरस मीटरमध्ये सुमारे २५ चूड भरले पाहिजेत. ते मोजून पाहिले म्हणजे चूक लावणीच्या दिवशीच कळते, कापणीनंतर हळहळावे लागत नाही. एका आरला सुमारे ६२५ गोळ्या लागतात. त्या कमी पडल्या तर पिकाची उपासमार होते. सुरुवातीस मोकळ्या राहिलेल्या जागेत तणही अधिक उगवते. तण काढताना २५ सेंटीमीटरच्या पट्ट्यांतूनच चालावे, म्हणजे खोचलेल्या गोळ्या हलत नाहीत. लावणी बहुतेक ठिकाणी स्त्रिया करतात आणि प्रात्यक्षिक मात्र पुरुषांपुढे होते, हीदेखील कामातलीच चूक होय. ज्या हातांनी रोप लागावयाचे, त्या हातांना आधी शिकवले पाहिजे.

तिसरा प्रकार मात्र धीर धरून सुटणारा नाही. ज्या जमिनीत पाणी ठरत नाही, झपाट्याने निचरून जाते, तेथे गोळीचा पुरेसा लाभ मिळत नाही. अशा जागी शेतकऱ्यास आणखी एक वर्ष थांबा असे सांगणे अन्यायाचे आहे. कार्यकर्त्याने तसे मोकळेपणी कबूल करावे व वरिष्ठांस कळवावे. पद्धतीचा अभिमान जमिनीपेक्षा मोठा नसावा.

लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने खाचरातील भात हे घरातील वर्षाचे धान्य असते. त्याच्या शंकेला अज्ञान म्हणून उडवून लावणे योग्य नव्हे. म्हणून सगळ्या शेतावर नवी रीत एकदम करण्याचा आग्रह धरू नये. पहिल्या वर्षी दोन गुंठे पुरेत. शेजारी तितक्याच क्षेत्रात जुनी लावणी ठेवावी, म्हणजे पाऊस व कीड दोहोंस सारखीच राहील. लावणीचा दिवस, चुडांची संख्या, मजुरी, फुटवे आणि कापणीनंतरचे वजन एका वहीत लिहून ठेवावे. पीक कमी आले तरी कोठे चुकले हे वही सांगते. वही नसेल तर फक्त निराशा उरते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने लावणीच्या आधीच सांगून टाकावे, की पहिले काही दिवस काम रेंगाळेल, पहिले काही आठवडे शेत विरळ दिसेल, आणि त्या काळात वरून खत टाकू नये. आधी सांगितलेली अडचण आली, तर शेतकऱ्याचा विश्वास वाढतो. न सांगितलेली आली, तर तो फसवणूक समजतो. आणि लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यात, शेत सर्वांत उदास दिसत असते तेव्हा, त्याने बांधावर अवश्य जावे. कापणीच्या दिवशी सत्काराला येणाऱ्यांपेक्षा त्या दिवशी आलेला माणूस शेतकऱ्याच्या अधिक काळ ध्यानात राहतो.