प्लेअर विंगेतच बरा

केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा शंकू ओळखत नाही असा संगणकवाला आपल्याकडे विरळाच. हा शंकू ज्याचं चिन्ह आहे, तो व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर पॅरिसच्या ‘एकोल सेंत्राल’मधल्या विद्यार्थ्यांच्या १९९६च्या प्रकल्पातून निघाला आणि २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुला झाला. टाकाल ती फाइल निमूट चालवतो. २०२२ मध्ये त्याचं संकेतस्थळ भारतात काही महिने बंद होतं, तरी फारसं कुणाचं अडलं नाही. तो आधीच घरोघरी पोचला होता.

पण घर वेगळं, सभागृह वेगळं. अमेरिकेत ‘ओटाकॉन’ (१९९४पासून) किंवा ‘अ‍ॅनिमे वीकेंड अटलांटा’ (१९९५पासून) यांसारखी जपानी अ‍ॅनिमेशनच्या चाहत्यांची संमेलनं भरतात. तिथला कसोटीचा कार्यक्रम म्हणजे एएमव्ही स्पर्धा. अ‍ॅनिमेतले तुकडे कापून एखाद्या गाण्यावर बसवायचे, हा तिचा खेळ. १९८२ मध्ये दोन व्हीसीआर जोडून जिम कॅपोझ्टस यांनी असा पहिला व्हिडिओ केला, असं मानलं जातं. आता फायली येतात आणि प्रत्येकीची तऱ्हा निराळी: कुणाच्या सेकंदाला २४ फ्रेम, कुणाच्या ६०, एकीचा आवाज कुजबुजीसारखा, दुसरीचा कान फाडणारा.

अशा वेळी ‘कुठला प्लेअर चांगला?’ यावर चाहत्यांत तावातावाने वाद होतात. चित्राच्या दर्जापुरता हा वाद आता निरर्थक आहे. खरी अडचण अशी की घरगुती प्लेअर बनवणाऱ्याच्या मनात बघणारा आणि बटण दाबणारा एकच असतो. म्हणून व्हीएलसी सुरुवातीला पडद्यावर नाव झळकवतो, आवाज कमीजास्त केला की आकडा दाखवतो आणि यादी संपली की शंकू घेऊन हजर होतो. नाटकात प्रॉम्प्टरने विंगेतून रंगमंचावर येऊन वाक्य सांगावं, तसला हा प्रकार.

आवाजाचंच बघा. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे एक फ्रेम जेमतेम ४२ मिलिसेकंदांची. प्रोजेक्टर चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतो, आवाज मात्र मिक्सरमधून थेट स्पीकरला जातो. चित्र दोन-तीन फ्रेम मागे पडलं, की ठेक्यावर बसवलेला प्रत्येक कट हुकतो आणि स्पर्धकाची रात्रीची जागरणं पाण्यात जातात. व्हीएलसीत यावर उपाय आहे: ‘के’ दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद मागे सरकतो. मात्र तेवढंच केलं तरी तसा मजकूर चित्रावर उमटतो. चूक दुरुस्त होते, पण सगळ्या सभागृहाच्या साक्षीने!

हे सगळं सेटिंगमध्ये बंद करता येतं, हे मान्य. एमप्लेअरपासून निघालेला एमपीव्ही तर याबाबतीत बराच पुढे आहे. पडद्यावरचा मजकूर पूर्ण घालवता येतो, कोणत्या स्क्रीनवर चित्र भरायचं ते ठरवता येतं, फाइल संपल्यावर शेवटची फ्रेम धरून ठेवता येते, शिवाय दुसऱ्या प्रोग्रॅममधून त्याला हुकूमही देता येतात. पण त्यासाठी कमांड लिहाव्या लागतात, आणि संमेलनात मशीनवर बसतो तो दरवर्षी नवा, हौशी, झोपेला पारखा झालेला स्वयंसेवक. त्याला कॉन्फिग फाइल लिहायला सांगण्यात हशील नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. प्लेअरमध्ये ‘सभागृह’ नावाचं एकच बटण असावं. ते दाबलं की सगळा मजकूर चालकाच्या स्क्रीनवर जावा, फाइल संपली की पडदा काळा व्हावा आणि चालकाने सांगितल्याशिवाय पुढची फाइल सुरू होऊ नये.

आयोजकांचीही सुटका नाही. आलेल्या सगळ्या फायली आधीच एका स्वरूपात, एका पातळीच्या आवाजात बदलून घ्याव्यात. प्रोजेक्शनचं मशीन वेगळं ठेवावं, त्याचं इंटरनेट तोडावं आणि त्याच प्रोजेक्टरवर तालीम करावी. कुणाच्या खासगी लॅपटॉपवर चाललेल्या स्पर्धेत मित्राचा निरोप पडद्यावर उमटलाच, तर दोष त्या मित्राचा नसतो.

आणि पैशांचं काय? ही संमेलनं प्रवेशशुल्क घेतात, हॉलचं आणि प्रोजेक्टरचं भाडं भरतात. ज्या सॉफ्टवेअरवर दिवसभराचे खेळ चालतात, ते मात्र फुकट वापरतात. व्हीएलसीमागची ‘व्हिडिओलॅन’ ही ना-नफा संस्था आहे. प्रोजेक्टरच्या भाड्याचा लहानसा हिस्सा जरी दोन-चार संमेलनांनी मिळून अशा प्रकल्पांना देऊ केला, तर त्या बटणाची मागणी हक्काने करता येईल. तोवर तक्रारीचा सूर जरा खालचा ठेवलेला बरा.