गिअरबॉक्स भट्टीत कशाला?

गाडी भंगारात निघाली की तिचं वजन करा आणि सगळी वितळवा, हा हिशेब ज्यानं मांडला त्यानं सुरतेत मालाची पिकअप कधी चालवली नसावी. मी चालवतो. गाव पारोळा तालुक्यातलं. वडील लूमवर कामाला आले आणि आम्ही लिंबायतचे झालो. पांडेसऱ्याहून ग्रे कापडाचे ताके मिलला पोचवायचे, तयार माल रिंग रोडच्या मार्केटात आणायचा, हा माझा धंदा. सहारा दरवाज्याच्या गर्दीत भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकत राहते. त्यात इंजिनाच्या आधी क्लच आणि गिअरबॉक्स जातो.

माझाही गेला. दुसरा गिअर आपोआप न्यूट्रलला येऊ लागला. तेल काढलं तर बारीक चुरा नव्हे, दातांचे तुकडेच निघाले. पाठोपाठ डिफरन्शियलही ओरडायला लागलं. इंजिन मात्र ठणठणीत आणि चासी सरळ. घरचे म्हणाले, विकून टाक, नवी घे. नवी म्हणजे नऊ-दहा लाख आणि वर हप्ते. आमच्या मिस्त्रीनं त्याच मॉडेलची ठोकलेली गाडी शोधून काढली. तिचं तोंड चेपलं होतं, इंजिन फुटलं होतं, पण मागचा भाग जसाच्या तसा होता.

हे काम बोल्ट सोडण्या-लावण्याचं आहे असं बघ्यांना वाटतं. मिस्त्रीनं पाना हातात घेण्याआधी त्या गाडीची मागची दोन्ही चाकं उचलली, प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारली, दोन्ही चाकं बरोबरीनं एक फेरा फिरवली आणि शाफ्टचे फेरे मोजले. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दात असतील तर शाफ्ट चार फेऱ्यांहून जरासा जास्त फिरतो. एकच चाक फिरवून मोजलं तर उत्तर निम्मं येतं आणि त्यात भलेभले फसतात. मग हेच माझ्या गाडीवर केलं. दोन्हीचा हिशेब जुळला तेव्हाच पैसे ठरले.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांशी जुळवूनच जोडीनं बसवतात. एक या गाडीचा, एक त्या गाडीचा घातला की आवाज परत आलाच. म्हणून अख्खं हाउसिंग घेतलं. शाफ्टला टेप लावला, कारण पिकअपच्या लांब-आखूड चासीप्रमाणे शाफ्टही बदलतो. त्याचे तुकडे जोडताना खुणा समोरासमोर धरल्या, नाहीतर जरा वेग घेतला की गाडी थरथरते. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ऑइल सील मात्र नवे. गिअरबॉक्स चेनकप्पीला टांगलेला असताना सीलचे पैसे वाचवणारा माणूस मला कंजूस नव्हे, मूर्ख वाटतो.

सगळं बसल्यावर मिस्त्रीनं विचारलं, "भाऊ, बिल शे का?" होती ती एक चिठ्ठी. तिच्यावर लिहिलेलं, लोखंड, इतके किलो.

माझी तक्रार या चिठ्ठीशी आहे. आरसी बुकात चासी नंबर असतो, इंजिन नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. उद्या कुणी विचारलं की हा माल कुठला, तर मी काय दाखवू? मेरठचं सोतीगंज आठवा. चोरीच्या गाड्या फोडून सुटे भाग विकणारा तो बाजार डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी बंद पाडला. बरं झालं. पण त्यातून जुना सुटा भाग म्हणजे चोरीचाच, असा समज पक्का झाला आणि प्रामाणिक मिस्त्रीही संशयात आला.

वाहन भंगार केंद्रांचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले. अधिकृत केंद्रात गाडी दिली की प्रमाणपत्र मिळतं आणि नवं मालवाहू वाहन घेताना त्यावर करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. म्हणजे बक्षीस नवी गाडी घेणाऱ्याला. जुनी नीट चालवणाऱ्याला काही नाही. १ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमांनी गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांवरही जबाबदारी टाकली, पण ती मोजायची पोलादाच्या वजनात. चालू गिअरबॉक्स आणि गंजलेला पत्रा तिथे एकाच भावाचे. युरोपनं २००० सालीच ठरवलं की भंगारातल्या गाडीच्या वजनापैकी किती टक्के कामी आलं ते मोजायचं, आणि पुन्हा वापरलेला भागही त्यात धरायचा. एवढं लांब कशाला जा? हजीऱ्याहून घोघ्याला रो-रो फेरी जाते, तिथून पुढे अलंग. फोडलेल्या जहाजांचं फर्निचर, जनरेटर, स्वयंपाकाची भांडी रस्त्याकाठच्या दुकानांत उघड विकली जातात. जहाजाला जमतं ते पिकअपला का नाही?

सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, हे खरं. तरी दहा-बारा वर्षांच्या गाडीत नवाकोरा गिअरबॉक्स आणि नवं डिफरन्शियल घालणं हे आमच्या हिशेबात बसत नाही.

अधिकृत केंद्रानं गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शियल तपासून विकावं. बिलावर मूळ गाडीचा चासी नंबर लिहावा आणि तो वाहन पोर्टलवर पडताळता यावा. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग मात्र कापूनच टाकावेत. त्यात मी दयामाया मागणार नाही. आणि विकलेल्या भागाची एक महिन्याची हमी द्यावी. तेवढी पुरे. भरल्या गाडीनं कोंडाईबारीचा घाट एकदा चढला-उतरला की गिअरबॉक्सचं खरं-खोटं आमचं आम्हाला कळतं.