एवढंसं तर बदललंय!

'एवढंसं तर बदललंय!' असं म्हणणाऱ्या माणसाशी माझं उभ्या जन्मात पटायचं नाही. दुर्दैवानं असा एक माणूस सध्या निगडी प्राधिकरणात, माझ्याच घरात, माझा भाचा म्हणून राहतो आहे.

हा भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि उरलेल्या वेळात, म्हणजे दिवसाचे बावीस तास, माइनक्राफ्ट नावाच्या खेळाचा मॉड करतो. मॉड म्हणजे खेळ दुसऱ्याचा, फोडणी आपली. याच्या मॉडमुळे खेळातल्या माणसाला म्हणे पुरणपोळी खाता येते. इथवर माझी काही तक्रार नाही. पण परवा चाकणहून त्याच्या मित्राचा फोन आला, "अरे, पोळी खाल्ली की खेळच बंद पडतोय!" चौकशी करता कळलं, की चिरंजीवांनी महिन्याभरात सात वेळा मॉड बदलून मित्रमंडळीत वाटला आणि सातही वेळा आकडा तोच, 1.0.0. आता कुणाच्या ताटात कुठली पोळी आहे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येईना.

"मामा, एवढंसं तर बदललंय. आकडे वाढवत बसलो तर काम कधी करू?"

मी खुर्ची ओढून बसलो. या मॉडच्या बांधणीत एक साधी फाईल असते. खेळ कितवा, मॉड चालवणारा लोडर कितवा आणि आपला मॉड कितवा, हे आकडे तिच्यात लिहायचे. आपला आकडा तिथे एकदाच लिहावा आणि बाकी सगळीकडे यंत्रानं तो तिथूनच उचलावा, अशी छान सोय असते. यानं तो आणखी दोन ठिकाणी हातानं लिहून ठेवला होता. म्हणजे रेशनकार्डावर एक जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी!

रिवाज तरी काय अवघड आहे? जुनं चालेनासं होणार असेल तर पहिला आकडा वाढवा, नवं काही घातलं तर मधला, नुसती दुरुस्ती केली तर शेवटचा. अमेरिकेतल्या डोनाल्ड कनुथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमचा आकडा तर प्रत्येक सुधारणेला 3.14, 3.141 असा पायच्या दिशेनं एकेक घर सरकतो. एवढ्या मोठ्या माणसाला आकडा वाढवायला सवड मिळते आणि आमच्या पुरणपोळीवाल्याला मिळत नाही!

नुसतं नाव पुरत नाही हो. आकुर्डीच्या बजाजची चेतक 1972 साली आली आणि विजेवरची चेतक 2020 साली रस्त्यावर आली. नाव एकच. पण दुसरीसाठी स्पार्क प्लग मागून पाहा, दुकानदार तुम्हाला पाणी पाजून घरी पाठवेल.

"मामा, तुम्ही इतके का चिडता?" भाच्यानं विचारलं. त्याला उत्तर दिलं नाही. तुम्हाला देतो.

1983 साली मी भोसरीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. एका ब्रॅकेटचं भोक 11 मिलिमीटरचं होतं, ते 10.5 करा, असा गिऱ्हाइकाचा फोन आला. मी ट्रेसिंगवरचा आकडा ब्लेडनं खरवडला, नवा लिहिला आणि अमोनिया प्रिंट काढून तपासणी खात्यात पाठवला. कोपऱ्यातल्या चौकटीत 'रिव्हिजन बी' होतं, ते 'सी' करायला हवं होतं. केलं नाही. एवढंसं तर बदललं होतं! शॉपवरच्या जुन्या प्रिंटवरही 'बी'च होतं. चारशे ब्रॅकेटं 11 च्या भोकानं पडली. लहान भोक मोठं करता येतं. मोठं लहान करता येत नाही. सगळा माल भंगारात गेला.

ड्रिलवरचा माणूस पुनःपुन्हा सांगत होता, "साहेब, बीच आहे की हो!" त्याच्या तेलकट प्रिंटकडे कुणी पाहिलं नाही. त्याचा तीन दिवसांचा पगार कापला गेला. मी पंख्याकडे पाहत उभा होतो.

पुढे तो एकदा निगडीच्या बसथांब्यावर भेटला. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. तेव्हाही मी गप्पच राहिलो.

भाच्यानं काल आकडा 1.0.1 केला. माझी दुरुस्ती मात्र आज होते आहे. बाबा रे, तुझा प्रिंट बरोबर होता. रिव्हिजन सी, चाळीसहून अधिक वर्षं उशिरा.