काटा दिसला की फवारणी?

वारंगा फाट्यावर तुळजापूर–नागपूर आणि अकोला–हिंगोली–नांदेड हे दोन महामार्ग भेटतात. अशा रस्त्यांच्या उकरलेल्या कडांवर आणि शेजारच्या पडिकात हिवाळ्यात काटेरी झाडे माजतात. ‘काटेरी म्हणजे तण, मारा तणनाशक’ हा त्यावरचा रूढ सल्ला मला मुळातच मान्य नाही, कारण त्यात उंटकटारा आणि पिवळा धोतरा एकाच पंक्तीला बसवले जातात.

उंटकटारा इथलाच, आपल्या करडईच्या कुळातला. खोडावर आणि पानांच्या खालच्या बाजूला पांढरी लव, फुलांचा गोल काटेरी गेंद. मधमाश्या, फुलपाखरे त्यावर मधासाठी येतात. काटे असूनही मराठवाड्याने करडई पिकवलीच. पिवळा धोतरा, म्हणजे बिलायत, मेक्सिकोकडचा आणि अफूच्या कुळातला. निळसर हिरव्या पानावर पांढऱ्या शिरा, काटेरी बोंड, आत मोहरीसारखे काळपट बी. पान मोडून पाहा: पिवळा चीक आला की तो धोतराच.

त्याचे कैवारी म्हणतात, तो औषधी आहे, त्यावर माश्याही येतात. त्याच्या फुलात मध नसतो, माश्या फक्त पराग नेतात. औषधाचे म्हणाल, तर १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात याच बियांच्या तेलाची भेसळ झाली, अंगावर सूज येऊन माणसे आजारी पडली आणि साठच्या आसपास दगावली.

‘गुरे तोंड लावत नाहीत, मग बिघडले काय?’ नेमके तिथेच बिघडते. गुरे गवत खातात आणि धोतरा सोडतात, त्यामुळे गायरानात तोच उरतो. एकेका झाडाच्या हजारो बिया मातीत वर्षानुवर्षे तग धरतात.

म्हणूनच सरसकट फवारणी उलटते. धोतरा दाट गवतात सहसा शिरत नाही, त्याला उघडी जमीन लागते. औषधाने गवत आणि उंटकटारा जळाला, की मातीतल्या धोतऱ्याच्या बियांना रान मोकळे होते.

करायचे ते असे. जमिनीत ओल असताना, फुले येण्याआधी, हातमोजे घालून धोतरा मुळासकट उपटावा. बोंडे धरली असतील तर ती वेचून जाळावीत. उकिरड्यावर टाकली तर शेणखतातून बी थेट शेतात जाते. उघड्या पडलेल्या जागी मारवेल, पवना असे गवत लावावे. रस्त्याच्या ठेकेदाराकडूनही खोदलेल्या कडांवर गवत लावून घेतले पाहिजे, आणि ग्रामपंचायतींनी तसा आग्रह धरलाच पाहिजे. बांधावरच्या उंटकटाऱ्याला मात्र कोणी हात लावू नये.