नाशिकचे दोन दिवस आणि आपल्या उसाची चव



एरवी या पानावर आम्ही हुमणी, खोडव्यातील पाचट, माती परीक्षण असल्याच गोष्टी लिहितो. या अंकात मात्र वाइनबद्दल लिहिणार आहोत. ‘ऊस विकास अधिकारी नाशिकला वाइन प्यायला गेले होते’ ही बातमी आम्ही परत येण्याआधीच गट ऑफिसच्या कट्ट्यावर पोचली होती. बातमी खरी आहे. गळीत हंगाम संपल्यावर दोन दिवसांची हक्काची रजा घेऊन, सौ.ना बरोबर घेऊन, स्वखर्चाने गेलो होतो. कारखान्याचा एक रुपयाही त्यात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे वार्षिक सभेत प्रश्न नको!

बेत आमच्या पुण्याच्या भाच्याचा. म्हणाला, “मामा, जन्मभर उसाचा रस मोजलात, आता जरा द्राक्षाचा बघा. शनिवार-रविवार जाऊन येऊ. मामींनाही बदल.” सौ. म्हणाल्या, “मी थेंब घेणार नाही, पण बाग बघीन.” या अटीवर निघालो.

नाशिकची द्राक्षे आपल्याला माहीत आहेत ती खायची. वाइनची द्राक्षे निराळी. मणी लहान, साल जाड, आत बी. नावे शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों अशी. जीभ वळायला वेळ लागतो, पण को ८६०३२ म्हणायला आपण शिकलोच की! आपल्या राज्यात हा धंदा १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगावला सुरू झाला. नाशिकला १९९९ साली राजीव सामंत यांनी सुला वाइनरी स्थापन केली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि मग एकामागून एक वाइनरी उभ्या राहिल्या. पुढे लोकांना बागेतच बोलावून, बसवून, खाऊ-पिऊ घालण्याची पद्धत पडली. आता शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची तिथे रांग लागते.

आम्ही गेलो ती वाइनरी गंगापूर धरणाच्या बाजूला. बाग दाखवायला एक मुलगी होती, वय पंचविशीचे, जवळच्याच गावची, द्राक्षबागाईतदाराची लेक. हॉटेलचे शिक्षण घेऊन इथे नोकरीला लागलेली. चार-पाच ओळी चालून झाल्यावर तिने खिशातून एक नळकांडे काढले, एक मणी चुरडून त्याचा थेंब काचेवर टाकला आणि नळकांडे उजेडाकडे धरले. आम्हाला हसूच आले. तोच आपला हँड रिफ्रॅक्टोमीटर! तोडणी कार्यक्रमाच्या वेळी आम्ही तुमच्या फडात घेऊन फिरतो ना, तोच. “किती ब्रिक्स?” आम्ही विचारले. ती चमकली. “तेवीस, सर. तुम्हाला कसं माहीत?” सौ. म्हणाल्या, “यांचा जन्म त्यातच गेला.” तिथून पुढे आमची चांगली गट्टी जमली.

तिने जे सांगितले ते आपल्या कामाचे आहे. द्राक्षात साखर जितकी, तितकी पुढे वाइनमध्ये दारू उतरते, कारण यीस्ट ती साखर खाऊनच अल्कोहोल करते. म्हणून तोड दिवस बघून नाही, गोडी बघून ठरते. तोड पहाटेच्या गारव्यात करतात, म्हणजे रस तापत नाही. घड मुद्दाम विरळ ठेवतात, पाणी बेताचे देतात. टन कमी निघाला तरी चालेल, मण्यात चव आली पाहिजे. शेतकऱ्याशी करार असतो आणि ठरल्यापेक्षा ब्रिक्स कमी भरला तर दर कमी मिळतो. हे ऐकताना आपल्याकडचे पाटभर पाणी आणि पोत्यावर पोते युरिया डोळ्यांपुढे उभे राहिले.

मग टेबलापाशी बसलो. पाच ग्लास, प्रत्येकात घोट-दोन घोट. शेजारी एक भांडे, चव घेऊन थुंकायला. आम्ही मनात म्हटले, ही तर पिकदाणी झाली! पण त्यात अर्थ आहे. पाचही चवी कळाव्यात आणि डोके ठिकाणावर राहावे, म्हणून ती सोय. आधी रंग बघायचा, मग ग्लास फिरवून वास घ्यायचा, मग लहान घोट जिभेवर घोळवायचा. पांढरी वाइन थंड, लाल थोडी कमी थंड. सौ.पुढे द्राक्षाचा रस ठेवला होता, पण वास घ्यायला त्यांची हरकत नव्हती. सोव्हिन्यों ब्लाँचा ग्लास नाकाशी नेऊन त्या म्हणाल्या, “कच्चा पेरू. आणि ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास.” ती मुलगी टाळी वाजवून म्हणाली, “मॅडम, आम्हाला हेच शिकवलं होतं!” आम्हाला मात्र पहिल्या फेरीत नुसता आंबट वास आला. वीस-बावीस वर्षे उसात काढूनही नाकाला वळण नाही, ही आमची कबुली.

संध्याकाळी जेवण. कोणत्या वाइनबरोबर कोणता पदार्थ शोभतो, हे खाऊन दाखवायचे असा त्या जेवणाचा हेतू. पहिल्यांदा लिंबू पिळलेली कोथिंबीर वडी आणि तीच पेरूच्या वासाची वाइन. आंबटाला आंबट, दोन्ही खुलले. मग तिखट कोंबडीबरोबर किंचित गोड शेनिन ब्लाँ. तिखटाची धार बोथट झाली. मग मटणाबरोबर शिराझ. या द्राक्षाला मिऱ्याचा वास असतो आणि लाल वाइनमध्ये सालीचा तुरटपणा उतरतो, कच्च्या जांभळासारखा. मटणाची चरबी त्या तुरटपणाला मऊ करते. मग तिने मुद्दाम एक बिघडलेली जोडी दिली, झणझणीत रश्शावर कॅबर्ने. तिखट दुप्पट झाले आणि वाइन कडू लागली. भाच्याच्या डोळ्यांत पाणी! शेवटी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन आणि गुलाबजाम. इथेही तिने हसत दाखवून दिले की पदार्थ वाइनपेक्षा गोड असला तर वाइन आंबट लागते. गोडाबरोबर वाइन त्याहून गोड हवी.

उशिरा तोडून गोडी वाढते, हे ऐकून आम्ही कान टवकारले. द्राक्ष वेलीवर सुकते, पाणी उडते, साखर दाटते. सभासदांनी याचा भलता अर्थ घेऊ नये. आपला ऊस पक्व झाल्यावर फडात राहिला की वजनही घटते आणि उताराही. तोडलेला ऊस तर चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे.

जेवताना सौ. म्हणाल्या, “यात नवं काय आहे? पुरणपोळीला कटाची आमटी, पिठल्याला कांदा, ठेच्याला लोणी. आपण रोज हेच करतो. फक्त कुणाला समजावून सांगत नाही.” आमच्या मते त्या दोन दिवसांतले सर्वांत शहाणे बोलणे हेच. समोर गंगापूरच्या पाण्यावर सूर्य मावळत होता, शेजारच्या टेबलावर मुंबईचे एक कुटुंब त्या मुलीचे बोलणे जिवाचा कान करून ऐकत होते आणि निघताना सहा बाटल्या घेऊन गेले. त्यांनी बाटलीचे पैसे दिले हे खरे, पण त्याआधी त्यांना बाग दिसली, कष्ट कळले, चव उमगली. कळलेल्या मालाला माणूस आनंदाने किंमत देतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. रविवारी सकाळी निघताना आम्ही त्या मुलीला विचारले, “तुमच्या वडिलांची द्राक्षे कुठल्या वाइनमध्ये जातात?” ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “जायची, सर. आता नाही. आबांनी दोन एकर वाइनची बाग लावली होती. २००९ ला मालाला उठाव राहिला नाही. कंपनीने द्राक्षं उचललीच नाहीत. वेलीवर सडली. पुढच्या वर्षी आबांनी कुऱ्हाड लावली.” ती कंपनी कोणती, हे लिहिण्याचे कारण नाही. २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षीचा मुंबईवरील हल्ला, यानंतर हॉटेलांचा खप पडला आणि अनेक बागाईतदारांवर ही पाळी आली. खायचे द्राक्ष निदान बाजारात नेता येते. वाइनचे बी असलेले, लहान मण्याचे द्राक्ष कोण घेणार?

आमचे मत या एका गोष्टीवर बेतलेले आहे. नाशिकच्या त्या टेबलावर आनंद आहे, ज्ञान आहे, पैसाही आहे. पण टेबल बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याचे नाही. काही बागाईतदारांनी स्वतःच्या वाइनरी काढल्या, त्यांचे कौतुकच. बाकीचा शेतकरी माल देऊन बाहेर उभा. आपले उलट आहे. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नातून सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, तेव्हापासून आपल्याकडे शेतकरीच मालक. पण आपली साखर पन्नास किलोच्या पोत्यात बिनचेहऱ्याने जाते. कोणाच्या रानातली, कोणत्या जातीची, कोणी विचारत नाही. इतकेच काय, आपल्या उसाचा गूळ वेगळा काढून त्याची चव आपल्यापैकी किती जणांनी घेतली आहे?

सहकार आणि चव एकत्र नांदू शकत नाहीत असे नाही. जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात मायशोस गावच्या द्राक्षउत्पादकांनी १८६८ साली आपली सहकारी संस्था काढली. ती आजही चालते. लोक तिच्या तळघरात जाऊन वाइन चाखतात. तिथे टेबलही सभासदांचेच.

काही सभासद म्हणतील, साहेब दारूचा प्रचार करायला लागले. तसे नाही. व्यसनाने गावोगावची घरे बसलेली आम्हीही पाहिली आहेत. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा राज्यभर उठलेला वाद आठवत असेल. घरच्या बायाबापड्यांची त्यामागची भीती खोटी नव्हती. पण मळीपासून दारू गाळणाऱ्या आसवन्या सहकारी साखर कारखान्यांनीही चालवल्या आहेत, तेव्हा नाक मुरडताना जरा बेतानेच मुरडावे. ज्यांना पिण्याची परवानगी आहे, त्यांनी प्यायचीच झाली तर जेवणाबरोबर, चवीपुरती. आणि गाडी चालवणाऱ्याने थेंबही नाही. आमचा भाचा शनिवारी रात्री तिथेच मुक्कामाला राहिला आणि सकाळी गाडी हाती घेतली, म्हणून त्याचे कौतुक.

आमचे सांगणे दोन मुद्द्यांत आहे.

पहिला मुद्दा असा की, हे वाचून कोणी ऊस मोडून वाइनची द्राक्षे लावू नका. लावायचीच असतील तर आधी लेखी करार, किती वर्षे उचलणार याची हमी आणि घेणाऱ्याची पत पाहा. तोंडी शब्दावर वेल उभा करू नका. त्या मुलीच्या आबांची गोष्ट लक्षात ठेवा.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. येत्या हंगामात एका रविवारी आपण चवीचा दिवस धरावा. एखाद्या सभासदाच्या गुऱ्हाळावर को ८६०३२, कोएम ०२६५ आणि कोसी ६७१ यांचा गूळ वेगवेगळा काढावा, ताटात तीन खडे मांडावेत. शेजारी काकवी, ताजी बाजरीची भाकरी, हुरडा, घरचे तूप. कोणता गूळ कशाबरोबर लागतो, हे आपल्याच बायाबापड्यांनी सांगावे. शहरातल्या नातलगांना बोलवा, त्यांच्याकडून पैसेही घ्या. आणि त्या ताटात चौथा खडा आम्ही ठेवू, क्षारपड रानातला. तो जिभेला खारट लागतो आणि लवकर पाघळतो. पाणी बेताने द्या, हे आम्ही इतकी वर्षे चर्चासत्रांत ओरडून सांगतो आहोत. तो एक खडा आमच्यापेक्षा चांगले सांगेल.

आज उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो, पाया १०.२५ टक्के. त्यामुळे चांगला पिकवणारा आणि कसाबसा पिकवणारा एकाच मापात जातात, आणि जो तो वजनामागे धावतो. हे एका रविवारने बदलणार नाही. पण आपल्या रानाची चव आपल्याला कळली, की निदान प्रश्न विचारता येईल की आमच्या गोडीची वेगळी नोंद का नाही? मालकाने विचारायचा हा प्रश्न आहे, आणि मालक तुम्ही आहात.

परतीच्या वाटेवर सौ.नी पिशवीतून आपला गुळाचा खडा काढला आणि भाच्याच्या हातावर ठेवला. तो जिभेवर घोळवत राहिला, अगदी त्या मुलीने शिकवल्यासारखा. मग म्हणाला, “मामा, याला थोडा भाजल्याचा वास आहे. आणि शेवटी किंचित खारट.” आम्ही काही बोललो नाही. खडा आमच्याच रानातला होता.

विचार व्हावा, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी