हातांनाही बोलू द्या
लालबागच्या चाळीत मावशीकडे गेलं की समोरच्या बिऱ्हाडातली तीन वर्षांची पोर गॅलरीच्या कठड्याला तळवा लावून उभी दिसते. खालून ढोल गेला की कठडा थरथरतो आणि तिचा चेहरा फुलतो. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. आजी मालवणीत बोलता बोलता हातवारे करायची, आई मूठ दाबून दुधाची खूण करायची. मग कुणा जाणकाराने बजावलं: खुणा बंद, घरात एकच भाषा, नाहीतर मूल बोलायचंच नाही. घर गप्प झालं. हा सल्ला साफ चुकीचा आहे. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही, खुणांनी वाचा अडत नाही. मेंदूला पहिल्या काही वर्षांत भाषा हवी असते, मग ती कानांतून येवो की डोळ्यांतून. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट जरूर बसवा. पण त्यांची वाट पाहत मुकेपणाने घालवलेले महिने परत मिळत नाहीत. मदत दूर नाही. कर्णबधिरांची शाळा याच मुंबईत, माझगावला, १८८०च्या दशकात निघाली. वांद्र्याला १९८३ पासून कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था आहे. भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात २०२१ मध्येच १०,००० शब्द झाले होते. तेव्हा नव्या आईबापांनो, पहिल्या महिन्यातच बाळाची श्रवणचाचणी मागून घ्या. दोष निघाला तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हायला हवेत. आणि आजीला गप्प करू नका, तिच्या मालवणीलाही नाही आणि तिच्या हातांनाही नाही.