कवरत्तीचा प्रयोग तडीस गेलाच पाहिजे

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला गेले आणि तेथील शुभ्र वाळूचे किनारे देशभर गाजले. घराघरांतून सुटीचे बेत आखले जाऊ लागले. त्याच दौऱ्यात कदमत बेटावरील एका प्रकल्पाचे लोकार्पण झाले, त्याची वार्ता मात्र चार ओळींत आटोपली. समुद्राच्या पाण्यापासून दररोज दीड लाख लिटर पिण्याचे पाणी तयार करणारा हा प्रकल्प आहे. किनाऱ्याच्या छायाचित्रांपेक्षा तो अधिक विचारात घेण्याजोगा होता.

प्रवाळाच्या बेटांवर नदी नसते. भूगर्भात गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की विहीर मचूळ होते. लक्षद्वीपचा समुद्र मात्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल होतो. पृष्ठभागावरचे पाणी २८ अंशांच्या आसपास, तर साडेतीनशे मीटर खालचे पाणी त्याहून सुमारे १५ अंशांनी थंड. वरचे कोमट पाणी निर्वात पात्रात सोडले की त्याचा काही अंश वाफ होतो आणि खालच्या गार पाण्याने ती वाफ निवविली की गोडे पाणी हाती येते. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती येथे असा पहिला प्रकल्प उभारला. दिवसाला एक लाख लिटर पाणी. अकरा हजारांच्या वस्तीत माणशी जेमतेम नऊ लिटर. पण पिण्यास आणि रांधण्यास तेवढे पुरते.

मग अडते कोठे? पंप आणि निर्वात यंत्रणा चालविण्यास वीज लागते आणि बेटांवरील वीज प्रामुख्याने डिझेलच्या जनित्रांवर निर्माण होत आली आहे. हे डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने येते. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाहतूक बिकट होते. म्हणजे पाणी समुद्राचे, पण त्याची किल्ली परदेशातून आयात केलेल्या तेलात! स्वदेशीचा विचार करणाऱ्याला हे अर्धेमुर्धे स्वावलंबन खटकल्याखेरीज राहणार नाही.

ज्या तापमानभेदातून पाणी मिळते त्याच भेदातून वीजही काढता येते. कोमट पाण्याच्या उष्णतेने अमोनियासारख्या द्रवाची वाफ करावयाची, तिने टर्बाइन फिरवावयाचे आणि गार पाण्याने वाफेचा पुन्हा द्रव करावयाचा. ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ द’आर्सोनव्हाल यांनी १८८१ मध्येच मांडली होती. तिची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राची कमाल कार्यक्षमता तापमानातील अंतरावर ठरते, हे कार्नो यांनी १८२४ मध्ये दाखवून दिले. १५ अंशांच्या अंतरात ती तात्त्विकदृष्ट्याही पाच टक्क्यांच्या पुढे जात नाही. प्रत्यक्षात दोन-तीन टक्के पदरात पडतात. हवाई बेटांजवळ १९७९ मध्ये झालेल्या प्रयोगात सुमारे ५० किलोवॉट वीज निघाली, पण तीतील बहुतांश स्वतःचेच पंप चालविण्यात खर्ची पडली.

खरी परीक्षा असते ती थंड पाणी वर आणणाऱ्या पाइपची. निऑन दिव्यांमुळे नावारूपास आलेल्या जॉर्ज क्लॉड यांनी क्यूबाच्या किनाऱ्यावर हा प्रयोग केला. दोन पाइप समुद्राने गिळले. तिसरा टिकला आणि १९३० मध्ये २२ किलोवॉट वीज मिळाली. आपणही हे दुःख भोगले आहे. जपानच्या सागा विद्यापीठाच्या सहकार्याने तुतिकोरिनच्या समुद्रात एक मेगावॉटचा प्रकल्प ‘सागरशक्ती’ या बार्जवर उभारण्याचे घाटले होते. एक मीटर व्यासाचा, सुमारे एक किलोमीटर लांबीचा पाइप खोल समुद्रात उतरविताना हातचा गेला आणि प्रकल्प थांबला.

येथे दोन गोष्टी घडल्या. तीच बार्ज २००७ मध्ये चेन्नईच्या किनाऱ्याजवळ दररोज दहा लाख लिटर क्षमतेच्या गोड्या पाण्याच्या प्रकल्पासाठी वापरली गेली. खोल पाइप कसा सोडावा आणि राखावा, ही विद्या आपल्या अभियंत्यांनी पुढे लक्षद्वीपमध्येच हस्तगत केली. याचे श्रेय त्यांना निःसंकोच दिले पाहिजे. विजेचा धागा मात्र दीर्घकाळ सुटलेला राहिला. दरम्यान २०१३ मध्ये जपानने ओकिनावाच्या कुमेजिमा बेटावर १०० किलोवॉटचा प्रकल्प सुरू करून दाखविला. अपयशानंतर समिती नेमण्यात आणि फाइल बांधून ठेवण्यात आपली नोकरशाही वाकबगार आहे. तिसरा पाइप टाकण्याची जिद्द निराळी.

जून २०२१ मध्ये केंद्राने ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेस मंजुरी दिली. तीत समुद्रापासून ऊर्जा आणि गोडे पाणी मिळविण्याचाही अंतर्भाव आहे. कवरत्तीसाठी ६५ किलोवॉटचा प्रकल्प हाती घेण्यात आला, तो पाण्याच्या यंत्रणेला समुद्राचीच वीज पुरविण्यासाठी. ६५ किलोवॉट म्हणजे शहरातील एखाद्या बऱ्यापैकी इमारतीची गरज, असे म्हणून नाक मुरडणारे निघतीलच. सौरऊर्जा स्वस्त असताना हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाईल. प्रश्न गैर नाही. परंतु सारे लक्षद्वीप मिळून भूमी अवघी ३२ चौरस किलोमीटर, तीही नारळीच्या बागांनी आणि घरांनी व्यापलेली. सूर्य मावळतो, समुद्राची ऊब रात्रीही तशीच राहते.

कोकणच्या वाचकांच्या मनात आपल्या किनाऱ्याचा विचार येणे स्वाभाविक आहे. त्याबाबत भ्रम नको. मुंबईपासून १६० किलोमीटरवरील मुंबई हाय येथेही समुद्र ७५ मीटरच्या आसपासच खोल आहे. गार पाणी तेथून फार दूर. ही विद्या बेटांची आहे आणि बेटांसाठीच तिचे मोल ठरविले पाहिजे.

म्हणून शासनाकडे मागणी नेमकी आहे. कवरत्तीच्या यंत्राने किती वीज निर्माण केली, तीतील किती त्याच्याच पंपांनी खाल्ली आणि बेटावर किती लिटर डिझेल वाचले, हे तीन आकडे दरवर्षी संसदेसमोर मांडावेत. पाइप पुन्हा तुटला तर तेही सांगावे आणि दुसऱ्या पाइपची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात करून ठेवावी. कल्पेनी, अमिनी, कदमत येथे पाण्यासाठी समुद्रात पाइप उतरलेलेच आहेत. कवरत्तीचे आकडे अनुकूल असतील, तर पुढचे यंत्र त्यांपैकी कोणत्या बेटावर बसवावयाचे हे आजच ठरविता येईल.